पाय कापायला विमा आहे, चपलेला नाही

हल्ली दवाखान्यात एक प्रश्न रोज ऐकू येतो. पायाची पट्टी सोडायच्या आधीच सोबत आलेला माणूस विचारतो, "डॉक्टर, हे योजनेत बसतंय का?"

मागे एक यंत्रमाग कामगार आले होते. वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. अंगठ्याच्या मागे तळव्याला रुपयाएवढी जखम होती आणि ती अजिबात दुखत नव्हती. "पायात काय कळतच न्हाई साहेब, कापसावर चालल्यागत वाटतंय," असे ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की रोज ड्रेसिंग करावे लागेल, काही आठवडे त्या पायावर भार द्यायचा नाही आणि नंतर कायम मऊ तळाची खास चप्पल वापरायची. त्यांनी विचारले, यातले योजनेत काय बसते? मी म्हणालो, यातले काहीच नाही. "मग कधी बसतंय?" मी उत्तर दिले, "ॲडमिट करून ऑपरेशन करायची वेळ आली की."

उत्तर खरे होते, पण देताना मला लाज वाटली. सरकारी विमा मधुमेही पायापर्यंत पोहोचला, पण इतक्या उशिराच्या टप्प्यावर का पोहोचला? त्याचा इतिहास आज सांगतो.

जखम का होते, हे कुष्ठरोग्यांनी शिकवले

डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यचिकित्सक १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. त्या काळी असा समज होता की कुष्ठरोग्याचे मांसच खराब असते, म्हणून त्याचे पाय झडतात. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वेगळेच दिसले. मांस इतरांसारखेच भरून येत होते, फक्त त्या पायाला वेदना कळत नव्हती. तुमच्या-आमच्या चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो. बधिर पायाचा माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडून जखम होते आणि चालणे थांबत नाही म्हणून ती भरत नाही. प्लॅस्टर घालून पायावरचा दाब काढला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागल्या. नंतर त्या पायांसाठी मऊ सच्छिद्र रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुईझियानातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांना मधुमेहींच्या पायाला तशाच जखमा दिसल्या. मधुमेहातही पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे तेच उपाय तिथेही लागू पडले. मधुमेहात रक्तपुरवठा कमी होण्याची आणि इन्फेक्शन झपाट्याने पसरण्याची जादा भीती असते, एवढाच फरक.

म्हणजे बधिर पायाच्या जखमेवरचा मुख्य उपचार ऑपरेशन नाही. पायावरचा भार काढणे, ड्रेसिंग आणि चप्पल हाच तो उपचार. तो बहुतांशी घरी आणि ओपीडीत होतो आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

गिरणी कामगाराचा विमा

असा लांबलचक, घरी बसून होणारा उपचार भागवणारा विमा आपल्याकडे पूर्वी होता. १९४८ च्या कायद्याने राज्य कामगार विमा योजना आली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम जायची, मालक आपला वाटा घालायचा. त्या बदल्यात दवाखान्यातली तपासणी, औषध, ड्रेसिंग आणि रुग्णालय तर मिळायचेच, शिवाय आजारपणात काम बुडाले तर भत्ताही मिळायचा. "महिनाभर पायावर भार देऊ नका" हा सल्ला अशा कामगाराला पाळता येण्याजोगा होता.

पुढे एकेक करत गिरण्या बंद पडल्या. माग राहिले, पण ते लहान लहान कारखान्यांत गेले. कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेखाली असली की कारखाना त्या कायद्याच्या बाहेर राहतो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांसाठी १९७६ मध्ये कल्याण निधीचा वेगळा कायदा झाला, पण सोलापुरातल्या कष्टकऱ्यांचा मोठा भाग आजारपणातल्या भत्त्याला मुकला. ज्यांच्या पोटाला रोज उभे राहावे लागते, त्यांचेच संरक्षण गेले.

१९९७ ते २०२४

१९९७ मध्ये महाराष्ट्राने जीवनदायी योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मिळू लागली. मधुमेही पाय त्यात कुठेच नव्हता.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. पहिल्या टप्प्यात राज्यातले फक्त ८ जिल्हे होते आणि त्यांत आपले सोलापूर होते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, ९७१ शस्त्रक्रिया व उपचारांसाठी संरक्षण मिळाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. १ जुलै २०२४ पासून नवे रूप लागू झाले. शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आणि त्या वेळी १३५६ उपचार.

ही वाढ मोठी आहे आणि तिचे मोल मी कमी करणार नाही. योजना नव्हती तेव्हा पायाच्या ऑपरेशनसाठी दागिने गहाण पडताना मी पाहिले आहेत. आज सडलेला भाग काढणे, त्वचारोपण, पायाच्या रक्तवाहिनीची अँजिओप्लास्टी आणि दुसरा इलाज नसेल तर पाय कापणे, हे पैशांवाचून अडत नाही.

पण योजनेचा दरवाजा उघडतो तो रुग्णालयात भरती झाल्यावर. पॅकेज ठरते ते ऑपरेशनला. घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा २०१२ च्या पॅकेजमध्ये १० दिवसांचा होता, केंद्राच्या योजनेत तो १५ दिवसांचा आहे. तळव्याची जखम इतक्या दिवसांत भरत नाही. सोळाव्या दिवसापासून ड्रेसिंग, रिक्षाभाडे आणि बुडालेली मजुरी हे सगळे घरच्यांच्या डोक्यावर येते.

असे का झाले? कुणाच्या मनात वाईट होते म्हणून नाही. ऑपरेशन मोजता येते. त्याचा फोटो असतो, कागद असतो, दर ठरवता येतो आणि बनावट बिल पकडता येते. तीन महिन्यांची ड्रेसिंग आणि टाळलेली जखम मोजणे अवघड असते. म्हणून विमा मोजता येण्याजोग्या गोष्टीपासून सुरू झाला.

पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे

अमेरिकेत वयोवृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात १९९३ पासून, पायाला धोका असलेल्या मधुमेहींना दरवर्षी खास बुटांचा एक जोड आणि आतले मऊ तळ मिळतात. डॉक्टरने पाय तपासून दाखला द्यायचा, एवढी अट. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९८१ मध्ये मधुमेही पायासाठी वेगळे क्लिनिक सुरू झाले. डॉक्टर, शल्यचिकित्सक, नर्स, पायाची निगा राखणारे आणि बूट बनवणारे एका छताखाली आले आणि काही वर्षांतच तिथे मोठे पाय कापण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

इतके लांब जायचीही गरज नाही. आपल्याच राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात पाय बधिर झालेल्या रुग्णाला एमसीआर चप्पल मोफत मिळते. म्हणजे बधिर पायाला चप्पल हाच उपचार आहे, हे सरकारने मान्य केलेलेच आहे. पाय तसाच बधिर, पण कारण मधुमेह असेल तर चपलेचे पैसे खिशातून. माझे म्हणणे एवढेच आहे की आता विम्याने ऑपरेशनच्या दारातून दोन पावले मागे यावे. पायाच्या जखमेसाठी भरती न होता, बारा आठवड्यांचे एक पॅकेज असावे. त्यात ड्रेसिंग, प्लॅस्टर आणि शेवटी एक जोड चप्पल असावी.

तोपर्यंत तुम्ही काय करायचे?

- रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
- अनवाणी चालू नका. सिद्धेश्वर यात्रेत किंवा पंढरीच्या वारीत अनवाणी चालण्याचा नवस असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. एप्रिल-मेमध्ये मंदिराच्या तापलेल्या फरशीवर बधिर पाय भाजतो आणि कळतही नाही.
- कुरूप किंवा घट्टा ब्लेडने कापू नका. पाय गरम पाण्याने शेकू नका.
- चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा पाहा.
- वर्षातून एकदा पायाची संवेदना आणि नाडी तपासून घ्या. नायलॉनच्या धाग्याने होणाऱ्या या तपासणीला पाच मिनिटे पुरतात.
- जखम काळी पडली, वास आला, पाय सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, त्यामुळे आधी विचारा. माहितीसाठी १५५३८८ हा टोल फ्री क्रमांक आहे.

त्या यंत्रमाग कामगाराची जखम भरायला तीन महिने लागले. मालकाने मागावरून काढून त्यांना बसून कांड्या भरायला दिल्या, म्हणून पाय टेकावा लागला नाही. पगार निम्मा झाला. ड्रेसिंगचा खर्च बायकोच्या विड्यांच्या मजुरीतून गेला आणि चपलेसाठी मेहुण्याकडून उसने घेतले. पाय वाचला.

सरकारी विम्याच्या हिशेबात या पायाची नोंद कुठेच नाही, कारण त्यावर योजनेतून एक रुपयाही खर्च झाला नाही.