मोझांबिक बेट

मोझांबिक बेट : (पोर्तुगीज नाव इल्या द मोसांबिक, स्थानिक मखुवा भाषेत मुहिपिती). आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक देशाच्या नांपुला प्रांतातील बेट, शहर व नगरपालिका. स्थान सुमारे १५° दक्षिण अक्षांश व ४०° ४४' पूर्व रेखांश. मोसुरिल उपसागराच्या तोंडाशी असलेले हे प्रवाळी खडकाचे बेट लांबीला सुमारे ३ किमी. आणि रुंदीला जेमतेम २०० ते ५०० मी. भरते. एवढ्याशा जागेत सुमारे १४ हजार माणसे राहतात. समोरच्या मुख्य भूमीवरील लुंबो आणि आसपासची वस्तीही याच नगरपालिकेत मोडते. १९६० च्या दशकात बांधलेला, तीन किमी.हून लांब आणि एकेरी वाहतुकीचा पूल बेटाला किनाऱ्याशी जोडतो. देशाला नाव मिळाले ते या बेटावरून. जवळजवळ चार शतके पोर्तुगिजांचे पूर्व आफ्रिकेतले मुख्य ठाणे येथेच होते. त्यांतली सुमारे अडीच शतके, म्हणजे १७५२ पर्यंत, येथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली चाले. मराठी वाचकाला हे बेट परके वाटण्याचे खरे तर कारण नाही.

पाणी : बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. वस्तीची रचना समजून घ्यायची तर सुरुवात येथूनच करावी लागते. जुन्या शहरातील घरे प्रवाळी दगड व चुन्याची असून त्यांची छपरे सपाट, धाब्याची आहेत. डिसेंबर ते एप्रिल या काळात पडणारा पाऊस या धाब्यांवर झेलून पन्हाळींनी घराखालच्या टाक्यात उतरवला जाई. उत्तर टोकावरील सान सेबास्तियांव किल्ल्यात हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केलेली दिसते. वेढा पडला तरी शिबंदीला पाणी पुरावे, म्हणून तेथे पावसाचे पाणी टाक्यात साठवत. आपल्याकडील डोंगरी किल्ल्यांवरची टाकी पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. युद्धासाठी खोदलेल्या या टाक्यातून पुढे शहरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या डोक्यावरून पाणी नेले.

इतिहास : पोर्तुगीज येण्यापूर्वी हे स्वाहिली-अरब व्यापाराचे एक बंदर होते. किल्वा, अंगोशे या बंदरांशी त्याचा संबंध होता आणि येथे गलबतेही बांधली जात. वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये येथे आला. पाहुण्यांचा धर्म कोणता हे कळेपर्यंत स्वागत बरे झाले, नंतर बिनसले आणि जाताना त्याने तोफा डागल्या. १५०७ मध्ये पोर्तुगिजांनी ठाणे मांडले. १५२२ मध्ये बेटाच्या अगदी टोकावर बांधलेले बालुआर्तचे चॅपेल दक्षिण गोलार्धातील सर्वांत जुनी युरोपीय वास्तू मानले जाते. त्याच्या पाठीशी १५५८ मध्ये सान सेबास्तियांव किल्ल्याचे काम सुरू झाले आणि सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत चालू राहिले. डचांनी १६०७ व १६०८ असे लागोपाठ दोनदा बेटाला वेढा घातला. शहर जळाले, किल्ला मात्र पडला नाही. किल्ला हाती लागला असता, तर लिस्बन-गोवा जलमार्गाची कंबरच मोडली असती.

हा मार्ग वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चाले. लिस्बनहून मार्चच्या सुमारास निघालेली जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जुलै-ऑगस्टमध्ये येथे पोहोचत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा शेवटचा भाग साधून सप्टेंबरात गोवा गाठत. ज्याची वेळ चुकली त्याला पुढच्या वाऱ्यांची वाट पाहत बेटावर कित्येक महिने अडकून पडावे लागे. दमट हवा, अपुरे पाणी आणि ताप यांमुळे या मुक्कामात असंख्य खलाशी व सैनिक दगावले. फ्रान्सिस झेविअर १५४१ च्या ऑगस्टमध्ये असाच येथे थांबला, आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडला आणि पुढच्या मे महिन्यात गोव्यात उतरला. महाकवी लुईश द कामोंइश गोव्याहून परतताना येथे रखडला, तो १५६७ ते १५६९ अशी दोन वर्षे. गोव्यात पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेल्या दियोगु दु कोतुला तो येथे भेटला, तेव्हा कवी मित्रांच्या पानावर जेवत होता. १५७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऊश लुझियादश’ या महाकाव्यावर त्याने याच मुक्कामात हात फिरवला. त्याचा पुतळा आज समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

गोवा, दीव आणि कापड : राज्य पोर्तुगिजांचे असले, तरी व्यापाराच्या नाड्या दीवच्या वाण्यांच्या हाती होत्या. आफ्रिकेच्या अंतर्भागात सोन्या-चांदीच्या नाण्यांना फारशी किंमत नव्हती. चलन होते कापड. कुठल्या भागात कोणता रंग, कोणती किनार आणि किती पन्हा चालतो हे दरवर्षी बदले. ती खबर बेटावरील आडत्यांकडून दीवला व तेथून गुजरातेतील जंबुसर भागातल्या विणकरांपर्यंत जाई आणि पुढच्या मोसमात तसाच माल येऊन पडे. परतीच्या गलबतांत मुख्यतः हस्तिदंत असे. त्याचा मोठा भाग कच्छ-सौराष्ट्रातील नवरीच्या चुड्यांत खपे. १६८६ मध्ये गोव्याच्या सरकारने दीवच्या वाण्यांच्या मंडळीला या व्यापाराचा मक्ता दिला. १६८१ ते १६८६ या काळात गोव्याच्या गादीवर होता आल्व्होरचा काउंट, म्हणजे १६८३ मध्ये फोंड्याला संभाजी महाराजांकडून मार खाऊन परतलेला व्हाइसरॉय. मराठ्यांच्या इतिहासात तो लढाईपुरता येतो. त्याच्या दप्तरात आफ्रिकेचा व्यापारही होता, हे सहसा सांगितले जात नाही. १७५२ मध्ये मोझांबिक गोव्यापासून तोडून थेट लिस्बनच्या हाताखाली देण्यात आले. त्याने अधिकारी बदलले, व्यापारी बदलले नाहीत. बेटावरील हिंदू मंदिर आणि दक्षिण टोकाकडील हिंदूंची दहनभूमी ही त्या वस्तीची आजही दिसणारी खूण आहे.

गुलामांचा व्यापार : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत मागे पडले आणि माणसे विकली जाऊ लागली. हिंदी महासागरातील फ्रेंचांच्या ऊस-मळ्यांना आणि त्यानंतर ब्राझील व क्यूबाला मजूर हवे होते. मखुवा प्रदेशातून आणि त्याही पलीकडून पकडून आणलेले स्त्री-पुरुष येथून जहाजांत कोंबले जात. दमण, दीव आणि गोव्यातही येथून गुलाम आणले गेले. डिसेंबर १७९४ मध्ये ‘सान जुझे’ हे जहाज पाचशेहून अधिक गुलाम घेऊन येथून ब्राझीलकडे निघाले आणि केप टाउनजवळ खडकावर आपटले. दोनशेहून अधिक गुलाम बुडाले, वाचलेल्यांना पुन्हा विकण्यात आले. त्या जहाजाचे अवशेष ओळखले गेल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. पोर्तुगालने १८३६ मध्ये गुलामांच्या निर्यातीवर बंदी घातली. ती कागदावर होती. चोरटा व्यापार पुढे कित्येक वर्षे सुरू राहिला.

बेटाच्या कोडगेपणाचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. ब्राझीलमधील स्वातंत्र्याच्या कटात सापडलेला कवी तोमाश आंतोनियु गोंझागा याला १७९२ मध्ये येथे हद्दपार करण्यात आले. येथे त्याने एका गुलाम-व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केले, सरकारी हुद्दे मिळवले आणि १८१० मध्ये तो येथेच मरण पावला.

उतरती कळा : बेटाला १८१८ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. पण ट्रान्सव्हालच्या सोन्यामुळे दक्षिणेकडील लोरेन्सू मार्किश (आताचे मापुतो) बंदराचे महत्त्व वाढले आणि १८९८ मध्ये राजधानी तिकडे गेली. पुढे जिल्ह्याचे मुख्य ठिकाणही नांपुलाला हलले. उरलासुरला व्यापार उत्तरेकडील नाकाला या खोल पाण्याच्या बंदराने ओढून घेतला. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगीज आणि बरेच भारतीय वंशाचे व्यापारी निघून गेले, घरे कुलूपबंद राहिली, धाब्यांवर वडा-पिंपळाच्या जातीची झाडे उगवली. १९७७ ते १९९२ या यादवीत मात्र मुख्य भूमीवरचे निर्वासित सुरक्षित जागा म्हणून बेटावर आले. त्यामुळे एकीकडे ओसाड वाडे आणि दुसरीकडे पाय ठेवायला जागा नाही, असे विचित्र चित्र तयार झाले. ते पुरते पुसले गेलेले नाही.

दोन शहरे : युनेस्कोने १९९१ मध्ये संपूर्ण बेट जागतिक वारशाच्या यादीत घेतले. छायाचित्रांत दिसते ती उत्तरेकडील दगडी वस्ती : पूर्वी जेझुइटांचे महाविद्यालय असलेला व पुढे गव्हर्नरचा वाडा झालेला तांबडा सान पाउलु राजवाडा, त्यातील हिंदुस्थानी कोरीवकामाचे फर्निचर, एकोणिसाव्या शतकातील खांबांचे भव्य रुग्णालय. लोक राहतात ते बहुतांशी दक्षिणेकडील माकुती वस्तीत. माकुती म्हणजे माडाच्या झावळ्यांनी शाकारलेले छप्पर. ही वस्ती रस्त्याच्या पातळीपेक्षा कितीतरी खाली, खड्ड्यात बसलेली आहे. काही ठिकाणी रस्त्यावरून चालणाऱ्याला घरांची छपरे गुडघ्याच्या उंचीवर दिसतात. कारण उघड आहे. उत्तरेचे वाडे बांधायला लागलेला दगड येथूनच काढला गेला, आणि खाणीच्या पोटात कामकऱ्यांची झोपडी उभी राहिली. पाऊस पडला की धाब्याच्या शहरात टाकी भरत आणि माकुतीत घरे भरत. वारसा जपण्याच्या चर्चेत दगडी शहराचा गिलावा जेवढी जागा घेतो, तेवढी हा उतार घेत नाही. जोवर तसे आहे तोवर बेटाचे जतन अर्धवटच म्हणावे लागेल.

छपरांचाही प्रश्न आहे. झावळ्या आता दुर्मिळ व महाग झाल्या आहेत आणि दर काही वर्षांनी बदलाव्या लागतात, पत्रा टिकतो. नियम झावळ्यांच्या बाजूने आहे, घरमालकाचा खिसा पत्र्याच्या. चक्रीवादळांनी हा वाद आणखी चिघळवला. २००८ चे जोक्वे आणि मार्च २०२२ चे गोंबे या वादळांनी बेटाला जबर तडाखा दिला.

नगरपालिका : देशात स्थानिक निवडणुका १९९८ पासून होऊ लागल्या. अध्यक्ष आणि निवडलेली सभा अशी येथील नगरपालिकेची रचना आहे; २०१८ च्या आधी अध्यक्षही थेट निवडला जाई. राष्ट्रीय सत्ता फ्रेलिमो पक्षाकडे सतत असली, तरी २००३ मध्ये येथील मतदारांनी विरोधी रेनामोला निवडले, २००८ मध्ये पुन्हा फ्रेलिमोला आणले आणि २०१८ मध्ये परत रेनामोकडे वळले. उत्पन्नाची साधने तुटपुंजी आहेत : मासेमारी, थोडे पर्यटन, बाजारकर. सर्वांत अवघड काम स्वच्छतेचे आहे. माकुतीतील असंख्य घरांत शौचालय नाही आणि पुळण त्यासाठी वापरली जाते. पर्यटक ज्या किनाऱ्याचे स्वप्न घेऊन येतो, त्याचा हा दुसरा उपयोग. मुख्य भूमीवरील खेड्यांशी बराचसा व्यवहार आजही होड्यांनी चालतो आणि त्यात जोखीम आहे. एप्रिल २०२४ मध्ये लुंगाहून बेटाकडे येणारी, कॉलऱ्याच्या अफवेने घाबरलेल्या माणसांनी खचाखच भरलेली मासेमारीची होडी बेटाजवळ उलटली. नव्वदहून अधिक लोक बुडाले. त्यांत मुले बरीच होती.

लोकजीवन : बहुसंख्य लोक मखुवा वंशाचे व मुसलमान आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे शाधिली व कादिरी हे सूफी पंथ रुजले. स्त्रियांचे ‘तुफो’ हे नृत्यगान प्रसिद्ध आहे. एकसारखी कापुलाना (अंगाला गुंडाळण्याचे छापील कापड) नेसलेल्या बायका ओळीने बसून किंवा गुडघ्यांवर राहून डफांच्या ठेक्यावर खांदे व हात हलवतात. मूळची ही प्रेषितांची स्तुतिगीते; आता लग्न, निवडणूक, साथीच्या रोगांचा प्रचार, काहीही तुफोत गाइले जाते. ‘मुसिरो’ या झाडाचे लाकूड दगडावर पाणी घालून चंदनाच्या गंधासारखे उगाळतात आणि तो पांढरा लेप बायका चेहऱ्याला लावून दिवसभर वावरतात. जेवणात ‘सिरी-सिरी’ या खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या, जाड पानांच्या भाजीला नारळाचे दूध व काजू घालून केलेला माटापा खास इथला. संध्याकाळी रस्त्यावर ‘बाजिया’ आणि ‘शामुसा’ तळल्या जातात. त्या कुठून आल्या हे मराठी माणसाला सांगायला नको.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर मुले व बायका वाळू चाळताना दिसतात. बुडालेल्या जहाजांतील काचमणी आणि चिनी मातीची खापरे अजून लाटांबरोबर येतात. मणी ओवून माळा विकल्या जातात. याच पाण्यातून एका परदेशी खासगी कंपनीने परवाना घेऊन मिंग काळातील मौल्यवान वस्तू वर काढल्या आणि त्यांतील काही युरोपात लिलावात गेल्या. त्यावर टीका झाली, आणि आता पाण्याखालच्या पुरातत्त्वाचे काम विद्यापीठीय अभ्यासकांकडे आले आहे.

बेटावर जाण्यासाठी नांपुला शहरापासून सुमारे १८० किमी.चा रस्ता आहे. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा. ज्यांना बेटाच्या इतिहासातच रस आहे, त्यांनी मात्र आधी पणजी गाठावी : १७५२ पूर्वीच्या मोझांबिकच्या कारभारासंबंधीची पोर्तुगीज कागदपत्रे गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत.