पैनगंगेकाठची भाकर

१५ ऑगस्ट १९४७ ला आपलं उमरखेड स्वतंत्र झालं. पैनगंगेपल्याडचं हदगाव, माहूर मात्र निजामाकडंच राह्यलं. रझाकारांच्या भेवानं माणसं लेकराबाळांसह नदी उतरून इकडं आली. आमची आजी सांगे, दिंडीची ज्वारी वारीसाठी राखलेली होती. जाणत्यांनी तीच काढली, घरोघरी भाकरी थापल्या. त्या साली वारीत शिधा कमी पडला, पण वारी चुकली नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली, १७ ला निजाम शरण आला. मग पल्याडच्या निरपराध मुसलमानांवर वेळ आली. त्यातलं एक कुटुंब दारात आलं, तवा आजीनं जात-धर्म न इचारता परात पुढं केली. आम्ही कीर्तनात भूतदया सांगतो, ती घरातच शिकलो.