फ्रेंच फौजेच्या वाटेने आलेले चौतीस जीव

आजही गोष्ट मोहिमेचीच आहे, पण नायक आहे वीतभर लांबीचा, पाण्यात राहणारा ॲक्सोलॉटल.

५ मे १८६२ रोजी पुएब्लाला मेक्सिकोने तिसऱ्या नेपोलियनच्या फौजेला चांगलाच मार दिला. तरी जून १८६३ मध्ये फ्रेंच मेक्सिको सिटीत शिरलेच. आपल्याला तोफा किती, घोडदळ किती हे पाठ असतं. त्याच मोहिमेच्या काळात मेक्सिकोहून चौतीस जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला रवाना झाले, हे मात्र मला निवृत्तीनंतर कळलं!

त्यातले सहा, पाच नर आणि एक मादी, १८६४ मध्ये ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. त्याआधी हम्बोल्टने आणलेले नमुने तपासून क्युव्हिएने मत दिलं होतं, की हे कुठल्यातरी सॅलमँडरचं पिल्लू असावं. डोक्यामागे पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले बघून दुसरं काय वाटणार? पण १८६५ मध्ये या 'पिल्लां'नीच अंडी घातली. पुढची गंमत म्हणजे त्यातून निघालेल्या काहींचे कल्ले झडले आणि ते जमिनीवर चालायला लागले. आईबाप मात्र होते तसेच पाण्यात. द्युमेरिल चक्रावून गेला.

उत्तर पुढे मिळालं. बेडकाच्या पिल्लाचा बेडूक होतो तो थायरॉईडच्या संप्रेरकामुळे. ॲक्सोलॉटलमध्ये ते पुरेसं काम करत नाही, म्हणून तो बालरूपातच वयात येतो, प्रजा वाढवतो आणि पाण्यातच मरतो. बाहेरून संप्रेरक दिलं तर कल्ले जातात. आपल्या दार्जिलिंगकडचा सॅलमँडर असा नाही, तो मोठा झाला की जमिनीवर येतो.

आणि याचा तुटलेला पाय पुन्हा येतो. हाड, स्नायू, नसा, बोटं, सगळं. माझ्या कंपनीतल्या एका जवानाचा पाय माइनवर गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये त्याला नवा पाय बसला, तो चालतोही झकास. पण हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पाय कसा उगवतो याचा शोध आज ज्या प्रयोगशाळा घेतात, त्यांतले बहुतेक ॲक्सोलॉटल त्या पॅरिसच्या जिवांचे वंशज आहेत.

१८६७ मध्ये फ्रेंच परतले आणि त्यांनी गादीवर बसवलेला मॅक्सिमिलियन गोळ्या घालून मारला गेला. ॲक्सोलॉटल जगभर पसरला. घरी मात्र हाल. सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० होते, २०१४ मध्ये छत्तीस. शहराचं सांडपाणी आलं, आणि लोकांच्या पोटासाठी सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे अंडी-पिल्लं खात सुटले. आता तिथलं राष्ट्रीय विद्यापीठ शेतकऱ्यांना हाताशी धरून चिनाम्पांच्या, म्हणजे तळ्यातल्या शेतांच्या, चरांना अडसर घालतंय. पाणी गाळून आत येतं, कार्प बाहेर राहतो.