हेल्थ इन्शुरन्स घेताना बेसिक, मधला की टॉप प्लॅन? तुलना कशी करायची ते सविस्तर

विम्याचं कुठलंही ॲप उघडा. वय, पिनकोड आणि मोबाइल नंबर टाकला की पंधरा-वीस प्लॅन समोर येतात. एकाच कंपनीचे तीन-तीन प्रकार असतात आणि प्रीमियममध्ये दुपटीचा फरक दिसतो. आपण प्रीमियम बघतो, कव्हरचा आकडा बघतो आणि ठरवून टाकतो. पण हॉस्पिटलच्या बिलातले किती पैसे खरंच मिळणार, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. ते पॉलिसीतल्या काही अटींवर ठरतं. त्या अटी कोणत्या आणि जास्तीचे पैसे कशासाठी द्यावेत, ते या लेखात बघू.

कंपनीचा विमा आहे, मग वेगळा कशाला?

आयटीमध्ये हा प्रश्न रोज ऐकतो. माझ्या टीममधल्या एकाची नोकरी गेली तेव्हा त्याच्यासोबत आई-वडिलांचंही कव्हर संपलं. वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे नवीन पॉलिसी महाग पडली आणि प्रतीक्षा कालावधीही लागला.

हा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे वेटिंग पीरियड, तीन प्रकारचा असतो:

- पहिले ३० दिवस: अपघात सोडून बाकी क्लेम मिळत नाही.
- ठरावीक आजार: मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या यादीतल्या उपचारांसाठी थांबावं लागतं. कमाल मर्यादा ३६ महिने.
- आधीपासूनचे आजार: इथेही कमाल ३६ महिने. २०२४ च्या नियमांआधी ही मर्यादा ४८ महिने होती.

हे घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं. म्हणून पंचविशीत तब्येत ठणठणीत असताना छोटी का होईना, स्वतःची पॉलिसी घेतलेली बरी. नोकरी सोडणार असाल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे कव्हर संपायच्या आधीच एचआरला विचारा.

सगळ्यात महत्त्वाची अट: रूम रेंट

बेसिक आणि वरच्या प्लॅनमधला सगळ्यात महागात पडणारा फरक इथे आहे. बऱ्याच स्वस्त प्लॅनमध्ये खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, उदाहरणार्थ दिवसाला कव्हरच्या १ टक्का. त्यापेक्षा महाग खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टर, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चसुद्धा त्याच प्रमाणात कापले जातात.

समजा कव्हर ५ लाख आहे, म्हणजे खोलीची मर्यादा ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली ४ दिवस घेतली.

- खोली: बिल ३२,०००, मिळतील २०,०००
- डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंग: बिल १,२०,०००, मिळतील ७५,००० (५/८ या प्रमाणात)
- औषधं, तपासण्या, इम्प्लांट: बिल ६०,०००, मिळतील ६०,००० (यावर ही कपात लावता येत नाही)

एकूण बिल २,१२,०००, मिळाले १,५५,०००. खोलीच्या भाड्यातला फरक १२,००० चाच होता, पण खिशातून गेले ५७,०००. कव्हर ५ लाखांचं असूनही!

आयसीयूच्या खर्चावर ही प्रमाणशीर कपात होत नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीनुसार बाकीचे दर बदलत नाहीत, तिथेही ती लावता येत नाही. तरी पुणे-मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये जाणार असाल तर 'रूम रेंटला मर्यादा नाही' किंवा किमान 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलेला प्लॅनच निवडा. वरच्या प्लॅनसाठी जास्त पैसे द्यायचं माझ्या मते हे पहिलं कारण.

को-पेमेंट आणि डिडक्टिबल

दोन्हींमुळे प्रीमियम कमी होतो, पण दोन्ही एक नाहीत.

को-पेमेंट म्हणजे प्रत्येक मंजूर क्लेममधला ठरलेला टक्का तुम्ही भरायचा. वरच्या उदाहरणात १० टक्के को-पे असता तर १,५५,००० मधले आणखी १५,५०० गेले असते. बिल जितकं मोठं, तितका तुमचा वाटाही मोठा. म्हणून तरुणांनी शक्यतो को-पे घेऊ नये. आई-वडिलांच्या पॉलिसीत कधी कधी इलाज नसतो, तेव्हा टक्का नीट बघून घ्या.

डिडक्टिबल म्हणजे एका ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, त्यावरचा विमा कंपनीचा. ही रक्कम आधीच माहीत असते, त्यामुळे तयारी करता येते. आणि यातूनच मोठं कव्हर कमी पैशांत मिळवता येतं.

५ लाख + सुपर टॉप-अप

थेट २५ लाखांचा प्लॅन घेण्याऐवजी ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि त्यावर ५ लाख डिडक्टिबलचा २० लाखांचा सुपर टॉप-अप, अशी जोडी बहुतेक वेळा स्वस्त पडते. दोन्हींचे कोटेशन काढून बेरीज करून बघा. डिडक्टिबलची रक्कम कंपनीच्या विम्यातून भरली गेली तरी चालते.

नाव वाचताना मात्र लक्ष द्या. वर्षात ४ लाख आणि ३ लाख अशी दोन बिलं आली, तर साधा टॉप-अप काहीच देणार नाही, कारण एकही बिल ५ लाखांवर गेलं नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, म्हणून ५ लाखांवरचे २ लाख देतो. दोन्हींच्या नावात फरक एका शब्दाचा!

बाकी फीचर्स: कशाला पैसे द्यावेत?

- रिस्टोरेशन: कव्हर संपलं की पुन्हा भरून मिळतं. त्याच आजारासाठी चालतं का, ते तपासा.
- कन्झ्युमेबल्स: ग्लोव्ज, मास्क, पीपीई किट यांसारखा खर्च एरवी तुमच्या खिशातून जातो. ॲड-ऑन स्वस्त असेल तर घ्यावा.
- मॅटर्निटी: आधी गणित करा. जास्तीचा प्रीमियम गुणिले प्रतीक्षेची वर्षं. हा आकडा मिळणाऱ्या रकमेच्या जवळ जात असेल तर ते पैसे बाजूला टाकलेलेच बरे.
- ओपीडी: हेच गणित इथेही लावा.
- फॅमिली फ्लोटर: प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या व्यक्तीच्या वयावर ठरतो. म्हणून आई-वडिलांची पॉलिसी वेगळी ठेवा.

खर्चाबद्दल दोन गोष्टी

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून शून्य झाला आहे. त्यामुळे जुन्या व्हिडिओतले प्रीमियम तुलनेला घेऊ नका. दुसरं, ८०डी ची वजावट जुन्या कर पद्धतीतच मिळते. नवीन पद्धत निवडली असेल तर 'टॅक्स वाचेल' हे कारण बाजूला ठेवा.

पैसे भरण्याआधी मोबाइलवर हे करा

१. ॲपमधलं तुलनेचं पान म्हणजे जाहिरात समजा. विमा कंपनीच्या वेबसाइटवरून पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ डाउनलोड करा.

२. पीडीएफमध्ये सर्च उघडून हे शब्द शोधा: रूम रेंट, प्रपोर्शनेट, को-पेमेंट, सब-लिमिट, वेटिंग पीरियड. अर्ध्या तासात काम होतं.

३. घराजवळची दोन-तीन हॉस्पिटल्स कॅशलेसच्या यादीत आहेत का ते बघा आणि हॉस्पिटललाही फोन करून खात्री करा.

४. 'आधीचा आजार आहे का?' या प्रश्नावर घाईत 'नाही' दाबू नका. लपवलेला थायरॉईड किंवा बीपी हे क्लेम नाकारायला कारण ठरू शकतं. सलग ६० महिने झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण नाही.

५. पॉलिसी हातात आली की कस्टमर इन्फर्मेशन शीट वाचा. पटलं नाही तर ३० दिवसांच्या फ्री लूक काळात ती परत करता येते.

क्लेमवरून वाद झाला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. तिथेही सुटलं नाही तर विमा लोकपाल आहेत. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे आणि तक्रारीला फी लागत नाही.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आधी रूम रेंट, मग को-पे, मग वेटिंग पीरियड, मग कव्हरची रक्कम आणि शेवटी प्रीमियम. ॲप तुम्हाला नेमकं उलट्या क्रमाने दाखवतं.