पश्चिम आफ्रिकेचे धान्य आणि पुण्याची पंगत

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि हरभरा, पावटा, गाजर, वांगे यांची मिसळ भाजी हा बेत जुन्या पुण्यात ज्या घरी होत नसे असे घर शोधून काढावे लागले असते. आणि ही भाकरी आपल्या पूर्वजांच्या ताटात अनादि काळापासून पडत आली आहे या समजुतीविषयी कोणा गृहस्थाने कधी संशय घेतल्याचे ऐकिवात नाही. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञांचे आणि उत्खनन करणाऱ्यांचे दप्तर उघडून पाहिले, तर निराळीच हकीकत हाती येते. बाजरी ही सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची रहिवासी. आजच्या माली देशाच्या उत्तर भागात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिची लागवड होत होती असा पुरावा मिळालेला आहे, आणि तेथून खंड व समुद्र ओलांडून ती हिंदुस्थानात आली. चवळीही त्याच पश्चिम आफ्रिकेची कन्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ साली आरंभलेल्या प्रदीर्घ उत्खननात, तीन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील शेतकऱ्याचे मुख्य धान्य सातू होते असे दिसून आले. म्हणजे ज्या मुलखाला आपण भाकरीचा मुलूख म्हणतो, त्याचे भाकरीशी नाते पक्के झाले ते पुढे कधीतरी, आणि तेही आगंतुक पाहुण्याच्या कृपेने.

धान्याच्या बाबतीत पुणे शहर इतके उदार, की परगण्याबाहेरच्या दाण्याजवळ त्याने कधी दस्तक मागितले नाही, आणि पंगतीच्या बाबतीत इतके काटेकोर, की शेजारी कोण बसला आणि भांडे कोणाच्या हातचे, एवढ्यावरून त्याने वर्षानुवर्षे खटले चालविले. या दोन वृत्तींमधला विसंवाद ज्या ठिकाणी हळूहळू मिटत गेला ते ठिकाण म्हणजे पैसे देऊन जेवण्याची जागा. पश्चिम आफ्रिकेच्या साध्या खानावळीकडे पुणेकराने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तरही मला त्याच इतिहासात दिसते.

प्रथम त्या खानावळीचीच ओळख करून घेऊ. नायजेरियातील लेगॉस किंवा घानातील अक्रा, कुमासी यांसारखी शहरे इंग्रजी अमदानीत बंदर, रेल्वे आणि कचेऱ्या यांच्या आश्रयाने वाढू लागली, तेव्हा खेड्यापाड्यांतून हमाल, कारकून, गाडीवान अशी सडीफटिंग माणसे तेथे लोटली. त्यांच्या पोटाची सोय बाजारात चूल मांडून बसणाऱ्या बायकांनी केली. नायजेरियात अशा जागेला बुका म्हणतात, घानात चॉप बार. चार बाके, वर पत्रा, समोर मोठमोठी पातेली, आणि पातेल्यामागे मालकीण; गिऱ्हाईकाने बोट दाखवावे आणि तिने वाढावे, असा सरळ व्यवहार. हात धुण्यासाठी पाण्याचे भांडे आधी पुढे येते, कारण जेवण उजव्या हाताने. कंद उकडून, उखळात कांडून केलेल्या फुफूच्या मऊ गोळ्याचा लचका तोडायचा, त्याला अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात दाट रस्सा उचलायचा आणि न चावता गिळायचा. आमच्या घाटावरच्या माणसाला उकडीचे जेवण आठवावे असाच हा प्रकार आहे.

ताटातील जिन्नस पाहू लागले की परकेपणा आणखी ओसरतो. चवळी भिजवून, साल काढून, कांदा-मिरचीसह वाटून तळली की 'अकरा' नावाचा पदार्थ होतो. तेच पीठ पानात किंवा वाटीत घालून वाफवले की मोईमोई. गुलामांच्या जहाजांतून हा अकरा ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पोहोचला आणि तेथे आजही रस्त्यावर तळला जातो. एगुसीचा रस्सा दाट होतो तो कलिंगडाच्या कुळातील बियांच्या पिठाने. आमच्या मिठाईवाल्यांच्या मगजाची ती चुलत बहीण. हौसा लोकांचा सुया म्हणजे काड्यांवर भाजलेले मांस, आणि त्याला चोळतात तो मसाला शेंगदाण्याच्या कुटाचा. बाजरीच्या पिठाचे गोळे उकडून आंबट दुधात कालवायचे, याला ते फुरा म्हणतात. आंबील पिऊन शेतावर जाणाऱ्या आमच्या कुणब्याला तो घशाखाली उतरवण्यास मुळीच कष्ट पडले नसते. भेंडी तर बहुधा आफ्रिकेचीच, आणि तिची बुळबुळ, जी आमच्या सुगरणी आमसुलाने किंवा ताकाने मारतात, ती तिकडे मुद्दाम वाढवतात. टोमॅटो, कांदा आणि मिरचीच्या वाटणात शिजवलेला लाल जोलोफ भात सेनेगालच्या वोलोफ लोकांकडून सर्व किनाऱ्यावर पसरला. नायजेरियन घरांत त्यात करी पावडर पडते, आणि ती चव इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलून, डब्यात भरून तिकडे नेलेली आहे.

साबुदाण्याची कथा तर याहून गमतीची. दक्षिण अमेरिकेतील कसावा हा कंद पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेला. तेथे तो किसून, आंबवून, दाबून, भाजून त्याची गारी करू लागले. नायजेरियातील गरीब विद्यार्थी आजही महिन्याच्या अखेरीस ती पाण्यात भिजवून, साखर आणि मूठभर शेंगदाणे घालून वेळ मारून नेतो. हाच कंद हिंदुस्थानातही आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. खरा साबुदाणा मलायाकडील ताडाच्या जातीच्या झाडाचा. दुसऱ्या महायुद्धात त्याची आवक बंद पडली, तेव्हा १९४३च्या सुमारास मद्रास इलाख्यातील सेलम येथे कसाव्याच्या सत्त्वापासून साबुदाणा काढण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे सदाशिव पेठेतील एखादी कर्मठ आजी एकादशीला जी खिचडी श्रद्धेने खाते, तिच्यातील साबुदाणा, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हे चारही जिन्नस सातासमुद्रापलीकडचे, आणि त्यांतील दोन तर लेगॉसच्या विद्यार्थ्याच्या वाडग्यातही एकत्र नांदत असतात. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांची यादी कोणत्या शास्त्र्याने केली हे मला ठाऊक नाही. पण तो भूगोलात कच्चा होता याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आता पंगतीकडे वळू. विद्येसाठी पुण्यास येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलाचे पोट पूर्वी माधुकरीवर किंवा वार लावून चाले. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी, असा सात घरांचा आठवडा. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही आरंभी माधुकरी मागत. पुढे शाळा-कॉलेजे वाढली, कचेऱ्यांत कोकणातून व देशावरून कारकून भरले, आणि मासिक ठराव करून जेवू घालणाऱ्या खानावळी गल्लोगल्ली निघाल्या, त्यांपैकी कित्येक पोटासाठी चूल हेच एक भांडवल उरलेल्या विधवा बायकांच्या होत्या. लेगॉसच्या बुकामागे आणि बुधवार-शनिवारातील खानावळीमागे कारण एकच : घर सोडून आलेला पुरुष आणि त्याला वाढून संसार चालविणारी बाई. फरक एवढाच, की पुण्यातील खानावळीच्या दारावर जातीची अदृश्य पाटी असे, आणि आत शिरण्यापूर्वी ती वाचता आली पाहिजे असा शिरस्ता होता.

तो शिरस्ता किती कडक होता, हे पंच हौद मिशनच्या चहाने साऱ्या महाराष्ट्रास दाखविले. आनंदीबाई जोशी यांचे विक्षिप्त पती गोपाळराव यांनी १८९०च्या ऑक्टोबरात पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना त्या मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमविले. चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी संकोचाने पेला नुसता जवळ ओढला. आणि गोपाळरावांनी नंतर हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात जाहीर करवून शहरात आग लावून दिली. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा झगडा, माजले, सग्यासोयऱ्यांत जेवणव्यवहार बंद पडले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे असे टिळकांनी सांगितले, आणि रानड्यांनी १८९२ साली मित्रांच्या अडचणीसाठी प्रायश्चित्त घेतले; त्यांच्या मनाची त्या वेळची तगमग रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. या सर्व रणात चहाची पत्ती कोठून आली हा प्रश्न कोणी विचारला नाही. खटला भरला गेला तो ओतणाऱ्या हातावर. त्याच शहरात, बावीस वर्षांपूर्वी, १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करून टाकला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सुशिक्षितांच्या त्या दोन वर्षांच्या कोलाहलाचे माप नीट कळते.

प्रवचनांनी जे झाले नाही ते धंद्याने केले, असे माझे मत आहे. सुधारकांना ते रुचणार नाही, पण पुरावा त्या बाजूचा आहे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पितळी पातेल्यांत आले-वेलदोड्याचा चहा उकळून 'अमृततुल्य' नावाची दुकाने थाटली, तेव्हा चहा शुद्ध हातांनी मिळतो या समाधानाने पेठांतला माणूस प्रथम दुकानात उभा राहिला. आणि एकदा उभा राहिल्यावर शेजारी कोण उभा आहे हे पाहण्याची त्याची सवय सुटत गेली. लष्करात, म्हणजे कॅम्पात, पारशी आणि इराणी आधीपासून होतेच; दोराबजी यांचे दुकान १८७८चे. पण १९३५ साली हुसेन अली याक्षी यांनी डेक्कन जिमखान्याच्या नाक्यावर कॅफे गुडलक काढले, आणि इराणी चहा, बन-मस्का व खिमा फर्ग्युसनच्या वाटेवर येऊन बसला. त्याच वर्षी लक्ष्मी रस्त्यावर नानासाहेब सरपोतदार यांनी पूना गेस्ट हाऊस उघडले. नानासाहेब मूकपटांचे दिग्दर्शक. बोलपटाने त्या व्यवसायाचा पाया खचविल्यावर त्यांनी मराठी जेवणाला प्रतिष्ठित टेबल-खुर्ची दिली. एका सालात एका इराण्याने परका पदार्थ आपलासा करविला आणि एका मराठी माणसाने आपला पदार्थ परक्यांपुढे मांडला. सरकारी इतिहासात या घटनेला जागा नाही, पण पुण्याच्या सामाजिक इतिहासात ती असावयास हवी. स्वातंत्र्यानंतर लवकरच जगन्नाथ शेट्टी यांनी दक्षिणेकडील इडली-डोसा फर्ग्युसन रस्त्यावर आणला. त्यांच्या रूपाली आणि वैशालीत बसून ज्यांची अर्धी हयात गेली त्या पुणेकरांना डोसा परका आहे असे आज कोणी सांगितले, तर ते सांगणाऱ्यालाच परका ठरवतील.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमाने सार्वजनिक उपाहारगृहाचे दार जातिधर्मावरून कोणाही नागरिकास बंद करता येणार नाही असे ठरविले, आणि वेगळ्या कपबशीच्या किळसवाण्या रिवाजाला कायद्यापुरता तरी विराम मिळाला. मात्र हे कलम नागरिकासाठी आहे. परदेशाहून आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला पुष्कळ अंशी शहराची रीतभातच येते.

आणि असे पाहुणे पुण्यास नवे नाहीत. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० साली स्थापन झाली. घाना १९५७ला आणि नायजेरिया १९६०ला स्वतंत्र झाला. आणि परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर किंवा घरच्या पैशावर आफ्रिकी विद्यार्थी येथील विद्यापीठात आणि महाविद्यालयांत शिकू लागले. त्यांच्या जेवणाशी पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचा जन्म निगडित आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एकदा एक मुलगी खिडकीतून एका मुलाला डबा देताना दिसली. चौकशीअंती कळले की मुलगा मॉरिशसचा, काविळीने अंथरुणाला खिळलेला, आणि परक्या शहरात त्याला पथ्याचे जेवण देणारे कोणी नाही. या प्रसंगाने विचारात पडलेल्या मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या आधारासाठी १९७१ साली सिंबायोसिसची उभारणी केली. मॉरिशस आफ्रिकेच्या पूर्वेस, हे खरे. पण खिडकीतून डबा घेण्याची पाळी कोणत्याही किनाऱ्याच्या मुलावर येऊ शकते, आणि काळ्या वर्णाच्या भाडेकरूला खोली नाकारणारे घरमालक या शहरात नाहीत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

म्हणून कोठे पश्चिम आफ्रिकेच्या जेवणाची पाटी दिसली, तर पुणेकराने तिच्याकडे कुतूहलाचा तमाशा म्हणून पाहू नये. माधुकरी, खानावळ, अमृततुल्य, इराणी आणि उडुपी या परंपरेतला तो पुढचा मुक्काम समजावा, आणि त्यातही असा, की ज्याचे निम्मे धान्य आपल्या कोठीत हजारो वर्षांपासून आहे. मांसाहार वर्ज्य असणाऱ्यांनी रश्श्यात सुकी मासळी असते का हे आधी विचारून घ्यावे, कारण ती तेथे चवीपुरती सर्रास पडते. त्यांच्या जेवणात तिखट आपल्या कोल्हापुराच्या तोडीचे असते, तेव्हा पहिल्या दिवशी फुशारकी नको. सुरुवात चवळीच्या अकऱ्याने करावी. मात्र तो तिकडे न्याहरीचा पदार्थ आहे, तेव्हा सकाळी लवकर गेलेले बरे.