लाल लुगडे आणि छापील चेहरा

वसईच्या किनारपट्टीवर स्त्रीची ओळख दीर्घकाळ चेहऱ्यापेक्षा पेहरावातून होत आली आणि त्या पेहरावांत सर्वांत ठळक म्हणजे कुपारी स्त्रियांचे लाल लुगडे होय. कुपारी म्हणजे वसईतील सामवेदी ख्रिस्ती समाज; बाप्तिस्म्यामुळे मुलाचे आईवडील आणि धर्मपिता यांच्यात जुळणाऱ्या नात्याचा वाचक असलेल्या ‘कंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आल्याचे सामान्यतः मानले जाते. निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास या गावांतील या समाजाचा धर्म बदलला, तरी स्त्रियांची नऊवारी सुटली नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मशुद्धी तपासणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, 1736 साली नवख्रिस्ती स्त्रीपुरुषांच्या देशी पेहरावावरच बंदी घातली होती. वसईत तर तीनच वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेने पोर्तुगीज सत्ता संपली आणि त्या बंदीमागचा आधारच उरला नाही.

लुगड्याचा एक गुण फारसा कोणी नोंदवत नाही. न शिवलेले वस्त्र अंगाचे माप मागत नाही; तरुणपणी, गरोदरपणी, बाळंतपणानंतर आणि म्हातारपणी, शरीर कसेही बदलले तरी तेच लुगडे नेसता येते, आणि काष्टा मारला की केळीच्या वाडीत वाकून काम करताना किंवा पाटाच्या पाण्यात उतरताना त्याची अडचण होत नाही. अशा वस्त्रात स्त्रीचे शरीर आधी कामाचे होते, मग पाहण्याचे.

पाहण्याची सवय छापील कागदाने लावली. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने तयार करविलेल्या माहितीग्रंथात, जातीजमातींच्या वर्णनांत रंग आणि बांधा यांच्याही नोंदी आल्या, आणि माणसाचा वर्ण हा सरकारी कागदावरील तपशील झाला. पुढे राजा रविवर्मा यांच्या 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातील रंगीत शिळाछापांनी उजळ वर्णाची, भरल्या अंगाची, नऊवारीतली देवी घराघरांतल्या भिंतीवर आणली. तिचे लुगडे ओळखीचे होते, पण उन्हात वाडी राखणाऱ्या बाईचा रापलेला रंग तिच्यात नव्हता. या वगळण्यातच पुढच्या सौंदर्यकल्पनेचे बीज आहे.

1941 साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. 1945 पासून चित्रकार दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ची रेखीव, सडपातळ स्त्री मराठी वाचकांच्या घरी दिवाळी अंकाबरोबर येऊ लागली. दलालांच्या रेषेचे सौंदर्य वादातीत आहे. तरीही मुखपृष्ठावर वर्षानुवर्षे एकच वय आणि एकच बांधा दिसत राहिला, की त्यापलीकडच्या शरीरांना आपण अपुरी आहोत असे वाटू लागते, हे नाकारता येत नाही. 1975 साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाने गोरेपणाची सांगड नोकरी आणि लग्न यांच्याशी उघडपणे घातली, आणि त्या नावातला ‘फेअर’ हा शब्द जायला 2020 साल उजाडावे लागले.

वसईत रोजचे लुगडे आता मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या अंगावर उरले आहे. तरुणी ते सण, लग्न आणि सांस्कृतिक मेळाव्यांपुरते नेसतात, छायाचित्रे काढून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी मापाच्या कपड्यांत विरार–चर्चगेट गाडी पकडतात.