ठाण्याचे दप्तर आणि दवाखान्याचा केसपेपर

पूर्वपक्ष असा आहे: गुन्हे रोखणे हे पोलिसांचे काम. त्यांना माणसे द्या, गाड्या द्या, कॅमेरे द्या आणि वर्षअखेरीस ठाण्यात नोंदलेले गुन्हे मोजा. आकडा उतरला तर योजना फळली, चढला तर फसली. अमेरिकेत बहुतेक काउंट्यांचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकांचा, शेरीफ लोकांतून निवडून येतो आणि याच हिशेबावर त्याची पारख होते. आपल्याकडेही पोलीस अधीक्षकाची वार्षिक पत्रकार परिषद ऐकली की हेच गणित कानावर पडते.

हे मत उथळ माणसांचे नाही. त्यामागे उत्तरदायित्वाचा विचार आहे. काम कोणाचे हे ठरलेले असले की जाब विचारता येतो, आणि दप्तरातला आकडा दरवर्षी हाती येतो. म्हणूनच त्याचे खंडन पुराव्याने करायला हवे.

पहिला पुरावा जुना आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये पोलिसांनीच एक प्रयोग करून पाहिला. शहराच्या एका भागातल्या 15 बीटचे, म्हणजे गस्तीच्या हद्दींचे, तीन गट केले. एका गटात नेहमीची गाडीची गस्त थांबवली, फोन आला तरच पोलीस जात. दुसऱ्यात गस्त पूर्वीइतकीच ठेवली. तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट केली. वर्षभराने पाहिले तर गुन्ह्यांत म्हणावा असा फरक नव्हता. लोकांच्या मनातली भीतीही तेवढीच होती.

यावरून काहींनी पोलीसच निरुपयोगी ठरवले. तेही चूक. अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहराच्या अभ्यासात असे दिसले की शहरातल्या सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून पोलिसांना येणारे निम्मे फोन येतात. अशा नेमक्या ठिकाणांवर पोलिसांचा वावर वाढवला तेव्हा तिथला उपद्रव कमी झाला. म्हणजे ‘पोलीस किती’ यापेक्षा ‘पोलीस कुठे’ हा प्रश्न मोठा. आणि तो विचारला की पूर्वपक्षाचा पायाच डळमळतो, कारण ‘कुठे’ याचे उत्तर आपण पुन्हा त्याच दप्तरात शोधतो. ज्याने फोन केला नाही, फिर्याद दिली नाही, त्याचा पत्ता त्यात कसा सापडणार?

ही उणीव एका शल्यचिकित्सकाच्या लक्षात आली. जोनाथन शेफर्ड हे वेल्समधल्या कार्डिफचे, जबडा आणि चेहरा यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. दारूच्या गुत्त्यांतल्या मारामारीत फुटलेल्या ग्लासांनी चिरलेले चेहरे त्यांच्यापुढे येत. त्यांनी ताडून पाहिले तेव्हा उपचार घेणाऱ्या अशा जखमींपैकी फार मोठा वाटा पोलिसांना ठाऊकच नसल्याचे दिसले. कोणाला मारणाऱ्याची भीती, कोणी स्वतःच भांडणात सामील, कोणाला ‘काय उपयोग’ असे वाटते. जखम मात्र लपवता येत नाही, ती दवाखान्यात येतेच.

मग 1990च्या दशकात तिथे एक रीत बसवली गेली. अपघात विभागात आलेल्या जखमीची नोंद करतानाच खिडकीवरचा कर्मचारी विचारतो: मारहाण नेमकी कुठे झाली, केव्हा, हत्यार कोणते, मारणारे किती? नाव गाळून ही माहिती नगरपालिका, पोलीस आणि डॉक्टर यांच्या एकत्र बैठकीत जाते. कोणता गुत्ता, कोणता चौक, रात्रीचे किती वाजता, हे तिथे उघड होते. उपायही मग तसेच साधे निघाले. पोलीस वस्त्यांतून काढून शहराच्या मध्यभागी, नेमक्या वेळी उभे केले. गर्दीचा एक रस्ता वाहनांना बंद केला. साध्या काचेऐवजी जखम न करणारे ग्लास आणले. रात्री उशिरा माणसे घरी जातील अशी वाहतुकीची सोय पाहिली. यातली निम्मी कामे पोलिसांच्या हातातली नाहीतच, ती पालिकेची आणि गुत्तेवाल्याची आहेत.

फळ काय मिळाले, ते ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2011 साली आले. तिथे कार्डिफची 14 सारख्या शहरांशी तुलना केली होती. मारहाणीने जखमी होऊन दवाखान्यात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये महिन्याला लाखामागे 7 वरून 5 वर आले. इतर शहरांत ते 5 वरून 8 वर गेले. तुलनेने 42 टक्के घट. आता त्याच कार्डिफचे ठाण्याचे दप्तर उघडा. जखमी करण्याचे नोंदलेले गुन्हे लाखामागे 54 वरून 82 झाले. किरकोळ मारहाणीची नोंदही वाढली.

इथे थांबायला हवे. पूर्वपक्षाच्या मोजपट्टीने कार्डिफची योजना नापास आहे. ज्या शहराने हाडे मोडणे कमी केले, त्याच्या पोलीसप्रमुखाला आपण आकडे वाढल्याबद्दल धारेवर धरले असते. इतर शहरांत तो आकडा 54 वरून 114 झाला हे कोणी विचारलेही नसते. किरकोळ नोंदी वाढल्या, कारण भांडण रक्तापर्यंत जाण्याआधीच पोलीस पोचू लागले आणि लोक सांगूही लागले, असा अभ्यासकांचा अर्थ आहे, आणि तो मला पटतो. नोंद वाढणे म्हणजे गुन्हे वाढणे नव्हे, असा इशारा आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालातही असतो. तो वाचतो कोण?

दप्तराची ही उणीव केवळ कार्डिफची म्हणावी, तर अमेरिकेतले अटलांटा पाहा. तिथल्या ग्रेडी मेमोरियल रुग्णालयातल्या मारहाणीच्या जखमा पोलिसांच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा शंभरातल्या ऐंशीहून अधिक दप्तरात सापडल्याच नाहीत. हे शहर फुल्टन आणि डीकॅल्ब अशा दोन काउंट्यांत पसरले आहे. मार एका काउंटीत बसतो आणि टाके दुसरीत पडतात. एका खात्याच्या दप्तरावर काउंटीची योजना आखली तर ती किती आंधळी असेल!

विरोधक म्हणतील, एका जागचे भांडण दाबले की ते शेजारच्या जागी जाते. पण कार्डिफमध्ये मोजले ते एका चौकातले भांडण नव्हते, साऱ्या शहराचे जखमी होते. भांडण गल्ली बदलून गेले असते तर जखमी त्याच दवाखान्यात आले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: दवाखाना पोलिसांचा खबऱ्या होईल. याला उत्तर आपल्याच कॅज्युअल्टीत आहे. मारहाणीचा रुग्ण आला की आपल्याकडे एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद, होते, नावनिशीवार पोलिसांना कळवले जाते. गुन्ह्याच्या तपासासाठी ते आवश्यकच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो? नवऱ्याने मारलेली बाई सासूसमोर सांगते, ‘जिन्यावरून पडले.’ डॉक्टर लिहून घेतात, आणि खरे ठिकाण, खरी वेळ कायमची पुसली जाते. कार्डिफची रीत याच्या उलट आहे. तिला नाव नकोच, फक्त जागा आणि वेळ हवी. नाव जाणार नाही ही खात्री असेल तर माणूस जागा सांगतो.

गुन्हे रोखणे हे एकट्या पोलिसांचे काम नाही, हा विचार इंग्लंड-वेल्सने 1998च्या कायद्यात घातला. स्थानिक परिषद आणि पोलीस यांनी मिळून गुन्हे प्रतिबंधाची योजना आखावी, आणि परिषदेने आपले प्रत्येक काम करताना, दिवाबत्ती असो की बागा, त्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम होईल हे पाहावे, अशी जबाबदारी तिच्यावर टाकली.

आपल्याकडे जिल्हा नियोजन समिती संविधानानेच दिली आहे, आणि महाराष्ट्राचा तिच्यासाठीचा कायदाही 1998चाच. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव. सुरक्षेचा विषय निघाला की कॅमेरे आणि गाड्यांचे प्रस्ताव येतात, मंजूर होतात. जिल्हा शल्यचिकित्सकांना औषधांचा साठा, खाटा, रुग्णवाहिका यांबद्दल विचारतात. गेल्या महिन्यात रात्री दहानंतर डोकी कोणत्या नाक्यावर फुटली, हे विचारत नाहीत. त्याचे उत्तर देणारे केसपेपर जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात गठ्ठ्याने बांधलेले आहेत.